आधी तपासणी, मग वकीलपत्र

गेल्या वर्षीच्या गौरी-गणपतीनंतरची गोष्ट. रामबागेतील एक परिचित बाई आपल्या भाचीला घेऊन दुपारच्या वेळी माझ्या घरी आल्या. कचेरीत येणे त्यांनी मुद्दाम टाळले होते आणि त्याचे कारण मी समजू शकत होतो. इंदुरात मराठी घरे पुष्कळ. पण एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही असे घर विरळाच. भाचीचे सासर पुण्याला. लग्नाला नऊ वर्षे झालेली, सहा वर्षांची एक मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा फेरफार केला आहे.)

हातातली प्लास्टिकची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. यजमानांचे दोन वर्षांपासून बाहेर संबंध असल्याचे तिला उन्हाळ्यात कळले होते. तेवढे तिने गिळले. पण पुढे स्वतःची प्रकृती बिघडली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी औषधे लिहून दिली आणि जाता जाता म्हटले, "मिस्टरांनाही तपासून घ्या." त्या डॉक्टरीणबाई सासऱ्यांच्या स्नेह्यांपैकी. अधिक विचारण्याचे तिला धैर्य झाले नाही.

"काका," ती म्हणाली, "याला कायद्यात काही नाव आहे का?"

नाव आहे. किंबहुना दोन नावे आहेत, आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवली पाहिजेत. परंतु मी तिला उलट विचारले, "तुझी स्वतःची रक्ततपासणी पुरती झाली का?" झाली नव्हती. गोळ्या घेतल्या, त्रास थांबला, एवढेच. वकिलाकडे येण्यापूर्वी तिने जावयास हवे होते ते ठिकाण राहूनच गेले होते.

चाळीस वर्षांच्या वकिलीत हा क्रम चुकलेला मी पुनःपुन्हा पाहिला आहे. पुरावा गोळा करण्यात, नातलगांची बैठक बोलावण्यात महिने जातात. न्यायालय थांबू शकते. शरीर थांबत नाही. एच.आय.व्ही.चा संसर्ग होण्याजोगा संबंध नुकताच आला असेल, तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ टळून गेली असेल तर पहिली तपासणी लगेच करावी. पण ती निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये. हा संसर्ग रक्तात दिसून येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून सुमारे सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी चाचणी करणे शहाणपणाचे. उपदंश आणि 'ब' प्रकारची कावीळ यांच्याही चाचण्या त्याच वेळी करून घ्याव्यात. परमा किंवा क्लॅमिडिया यांसारख्या रोगांत स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही आणि उपचार न झाल्यास गर्भनलिकांना कायमची इजा होऊ शकते. स्त्री गरोदर असेल तर एक दिवसही दवडू नये. आईवर वेळीच उपचार झाल्यास मूल सहसा वाचवता येते.

घरच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचे नसेल तर सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही. समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. तेथे चाचणी विनामूल्य होते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास जवळचे केंद्र कळते. तेथून मिळणारा प्रत्येक कागद तारखेसह जपून ठेवावा. तो आधी औषधोपचारासाठी लागतो. न्यायालयाचा विचार त्यानंतरचा.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे वाटते. रोग म्हणजे बाहेरख्यालीपणाचा दाखला नव्हे. स्त्रियांना होणारे कित्येक जंतुसंसर्ग शरीरसंबंधातून येतच नाहीत. नागिणीच्या जातीचा जननेंद्रियांवरील विकार, किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा एच.पी.व्ही. विषाणू, वर्षानुवर्षे शरीरात सुप्त राहू शकतो. तो विवाहापूर्वीचाही असू शकेल. नेमका कोणता रोग आणि तो केव्हाचा असू शकतो, हे तज्ज्ञाने सांगितल्यावाचून आरोपाचा शब्द तोंडातून निघू नये. निराधार आरोपाचे मोल फार जबर असते. चारित्र्यावर खोटे शिंतोडे उडवणारी विधाने न्यायालयातील कैफियतीत करणे हीच क्रूरता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली एका दांपत्याच्या खटल्यात ठरवले. त्या प्रकरणात आरोप करणारा पती होता, पण हे तत्त्व पत्नीसही तितकेच लागू पडते.

मावशींना मात्र वेगळेच जाणून घ्यायचे होते. "त्याला आत टाकता येईल का?"

नाही, निदान व्यभिचारासाठी तरी नाही. भारतीय दंडसंहितेचे ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा पुन्हा घातलेला नाही. ते कलम गेले म्हणून हळहळणाऱ्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे की ते त्यांच्या उपयोगाचे कधी नव्हतेच. ते परस्त्रीच्या पतीला परपुरुषावर फिर्याद करू देत असे. स्वतःच्या नवऱ्यावर फिर्याद करण्याचा अधिकार बायकोला नव्हता. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते कलम वैध ठरवले होते. ते मोडीत काढणाऱ्या २०१८ च्या घटनापीठावर त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल असे कृत्य निष्काळजीपणे केल्यास न्याय संहितेच्या २७१ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत, आणि दुष्ट बुद्धीने केल्यास २७२ कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र आपल्याला रोग आहे हे त्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक असावयास सबळ कारण होते, हे सिद्ध करावे लागते. ते अवघड असते. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेचा गुन्हा (पूर्वीचे ४९८-अ, आताचे ८५ कलम) वेगळा; पण केवळ विवाहबाह्य संबंध म्हणजे त्या कलमातील क्रूरता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे. सूडाच्या भरात फौजदारीचा रस्ता धरू नये, असे माझे मत मी मावशींना सांगितले. ते त्यांना आवडले नाही.

दिवाणी बाजू अधिक भक्कम आहे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा. तेव्हा व्यभिचार 'चालू असणे' आवश्यक होते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर विवाहोत्तर एक प्रसंगही पुरेसा होतो. हे झाले पहिले नाव. दुसरे नाव त्याच तेराव्या कलमात थोडे खाली आहे: संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग. पूर्वी तो रोग तीन वर्षे असावा लागे. ती अटही १९७६ साली गेली. या दुसऱ्या कारणासाठी परस्त्रीचे नाव, हॉटेलची खोली, संदेशांची चित्रे यांपैकी काहीच सिद्ध करावे लागत नाही. पण एक गोम आहे. उपदंश आणि परमा आज प्रतिजैविकांनी बरे होतात. खटला उभा राहीपर्यंत रोग बरा झाला तर 'संसर्गजन्य स्वरूप' कोठून दाखवणार? म्हणून व्यवहारात जाणता वकील एवढ्यावर विसंबत नाही. रोग लपवून ठेवणे, पत्नीला त्याच्या धोक्यात लोटणे, तपासणीस नकार देणे, हे सारे तो 'क्रूरता' या कारणाखाली सविस्तर मांडतो आणि व्यभिचार व गुप्तरोग ही कारणे त्याच्या जोडीला ठेवतो. क्रूरतेच्या कारणात औषधाने खंड पडत नाही.

ज्यांचे विवाह १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली नोंदलेले आहेत त्यांनाही ही तिन्ही कारणे आहेत. ख्रिस्ती कुटुंबांच्या कायद्यात २००१ पासून व्यभिचार, क्रूरता आणि किमान दोन वर्षे असलेला गुप्तरोग यांचा समावेश आहे. आजार लग्नापूर्वीचाच असून तो फसवून दडवला असेल, तर विवाहच रद्द करून मागता येतो. मात्र फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे आणि ती कळल्यानंतर राजीखुषीने एकत्र नांदलेले नसावे.

एवढे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिने जे विचारले त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. "उन्हाळ्यात कळल्यावरही मी त्या घरात राहिले. सगळे केले. म्हणजे मी माफ केले असे होईल का?"

कायद्यात या गोष्टीला महत्त्व आहे, हे खरे. व्यभिचार किंवा क्रूरता या कारणांवर मागितलेला घटस्फोट, अर्जदाराने तो दोष क्षमा केला असल्यास मिळत नाही. १९७५ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनीच एका दांपत्याच्या प्रकरणात दिलेला निर्णय आजही दाखला म्हणून दिला जातो. तेथे पत्नीचे वर्तन क्रूर होते हे मान्य झाले. परंतु त्यानंतरही पतीने वैवाहिक संबंध चालू ठेवल्याने त्याने ते क्षमा केले असे धरले गेले, आणि तो हरला. पण त्याच निर्णयात दोन दिलासे आहेत. दाव्याला संशयातीत पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे एका बाजूस झुकले की पुरते. दुसरे, क्षमा ही सशर्त असते. पुढे पुन्हा आगळीक घडली तर जुना दोषही जिवंत होतो.

म्हणून मी तिला विचारले ते नेमके. एका छपराखाली राहणे, मुलीचा डबा करणे, सासूच्या श्राद्धाचा स्वयंपाक करणे म्हणजे क्षमा नव्हे. सर्व काही ठाऊक असताना स्वखुषीने पतिपत्नी म्हणून पुन्हा एकत्र येणे म्हणजे क्षमा. जूनपासून ती मुलीच्या खोलीत निजत होती. तशी एक ओळ तिने त्याच सुमारास मावशींना पाठवलेल्या संदेशातही होती. तो संदेश मावशींनी पुसून टाकलेला नव्हता, हे नशीब. गुप्तरोगाच्या कारणाला तर क्षमेचा हा अडसर कायद्याने लावलेलाच नाही. माफ करायचेच असेल तर तेही अवश्य करावे. कित्येक संसार त्याने सावरलेले मी पाहिले आहेत. मात्र दोघांच्या चाचण्या होऊन त्यांचे निकाल हाती येईपर्यंत ती माफी शयनगृहापर्यंत जाऊ देऊ नये.

पिशवीत पतीच्या मोबाईलवरील संभाषणांची छायाचित्रे होती. पतिपत्नींमधील चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून दाखल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. तथापि अशा पुराव्यासोबत कायद्याने नेमून दिलेले प्रमाणपत्र लागते, मूळ यंत्र जपावे लागते, आणि दुसऱ्याचा परवलीचा शब्द फोडून केलेले उद्योग अंगाशी येऊ शकतात. प्रयोगशाळेतील कोणा ओळखीच्या इसमाकडून पतीचा अहवाल काढवून घेण्याचा विचारही मावशींनी बोलून दाखवला. तो मी तेथेच मोडून काढला. सरळ मार्ग उपलब्ध असताना आडवाटेने जाऊ नये. वैद्यकीय तपासणीचा आदेश वैवाहिक न्यायालय देऊ शकते, हे २००३ सालीच ठरलेले आहे. आदेश देण्यापूर्वी न्यायालय प्रथमदर्शनी सबळ आधार मागते. पण आदेशानंतरही पती नकार देईल तर त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येते. मुलांना मात्र या भांडणात ओढता येत नाही. व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची जनुकीय चाचणी सरसकट मागता येणार नाही, असे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे.

एच.आय.व्ही.पुरता वेगळा कायदा आहे. तो २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधित व्यक्तीच्या संमतीवाचून चाचणी करू नये, निकाल इतरांस सांगू नये, हा त्याचा सर्वसाधारण नियम. परंतु जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे आणि समजावूनही बाधित व्यक्ती स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटल्यास, तिला पूर्वसूचना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदारास प्रत्यक्ष सांगू शकतो. बाधित व्यक्ती पत्नी असून, हे कळल्यावर तिला मारहाण होण्याची भीती असेल, तर मात्र सांगू नये असेही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांना आपली घरे चांगली ठाऊक होती म्हणायचे. समुपदेशन झालेल्या बाधिताने संसर्ग टाळण्याची सर्व वाजवी खबरदारी घेतली पाहिजे, असे कर्तव्यही त्यावर घातले आहे. बाधित पत्नीने पोटगी मागितली तर न्यायालयाने औषधोपचाराचा खर्च हिशेबात धरला पाहिजे.

पोटगीचा विषय निघाला म्हणून सांगतो. घटस्फोट नको असला तरी पोटगी मागता येते. पतीने दुसरी बाई ठेवली असेल तर त्याच्याकडे नांदण्यास नकार देण्याचे ते न्याय्य कारण आहे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमातही स्पष्ट म्हटलेले आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षण, औषधांचा खर्च आणि मानसिक यातनांची भरपाई मागता येते; घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यावरून सुनेला बाहेर काढता येत नाही, हे २०२० साली स्पष्ट झाले. परस्परसंमतीच्या घटस्फोटात लवकर सुटका होते, आणि सहा महिन्यांची मुदतही २०१७ पासून न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते. पण त्या घाईत 'पोटगीवर हक्क सोडला' या ओळीखाली सही करणाऱ्या कित्येक मुली मी पाहिल्या आहेत. दुखणे पुढे किती वर्षे चालेल, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

आपल्यासारख्या प्रांताबाहेरच्या लोकांना सर्वांत सोयीची अशी एक तरतूद २००३ साली झाली. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जेथे राहते तेथील न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज करता येतो. इंदूरच्या लेकीला त्यासाठी पुण्याच्या फेऱ्या घालण्याचे कारण नाही. बेळगावच्या मुलीने बेळगावास, बडोद्याच्या मुलीने बडोद्यास अर्ज द्यावा. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार यांबाबतही तेच. अडचण येते ती भाषेची. आपली पत्रे, संदेश मराठीत. कामकाज हिंदी, कन्नड वा गुजरातीत. भाषांतर जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे. टोमणा आणि कबुली यांतला फरक भाषांतरात हरवलेला मी स्वतः पाहिला आहे. बडोदेकरांना तर या बाबतीत थोडा अभिमानच वाटावा. हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा सयाजीरावमहाराजांच्या संस्थानात १९३१ सालीच झाला होता, देशाचा कायदा होण्याच्या चोवीस वर्षे आधी.

गोमंतकीय कुटुंबांनी मात्र यातले पुष्कळसे बाजूस ठेवावे. तेथे हिंदू विवाह अधिनियम लागू नाही. पोर्तुगीज अमदानीतला ३ नोव्हेंबर १९१० चा घटस्फोट कायदा अद्याप चालतो. त्यात पतीचा किंवा पत्नीचा व्यभिचार हे कारण आहे, आणि 'असाध्य म्हणून मान्य झालेला संसर्गजन्य रोग' हेही. 'असाध्य' हा शब्द महत्त्वाचा. बऱ्या होणाऱ्या रोगाला ते कारण लागू पडणार नाही. शिवाय वेगळा करार नसेल तर तेथे पतिपत्नींच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो, त्यामुळे पोटगीपेक्षा वाटणीचा प्रश्न मोठा ठरतो. गोव्यात दोन सह्यांनी विवाह नोंदवून इंदूर-हैदराबादकडे येऊन राहिलेल्यांनी, येथील वकिलाकडे कागद देण्यापूर्वी एकदा पणजी-मडगावच्या जाणत्या वकिलास विचारावे.

उठताना मावशींनी दाराकडे पाहून हळूच विचारले, "हे सगळे बाहेर कळेल ना हो?" वस्तुतः हिंदू विवाह अधिनियमाच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे अशा अर्जांची सुनावणी बंद दालनात होते आणि तिचा वृत्तान्त छापण्यास मनाई आहे. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, आणि तो मंडळाच्या कार्यकारिणीतला असण्याचा संभव कमी असतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक मी पाकिटाच्या मागे लिहून दिला. मी स्वतः वकीलपत्र घेतले नाही. तिच्या वडिलांबरोबर माझी चाळीस वर्षांची ऊठबस आहे, आणि अशा प्रकरणात अशिलाला वकिलापुढे लाज वाटता कामा नये.

दुसऱ्याच दिवशी ती सरकारी रुग्णालयात गेली. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या पाहून तेथील डॉक्टरांनी रोगाचे नाव स्पष्ट सांगितले. तो बरा होणारा होता आणि बराही झाला होता. तीन महिन्यांनी केलेल्या रक्ताच्या सर्व चाचण्या निर्दोष आल्या. त्यानंतर तिने इंदूरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज केला आणि सोबत अंतरिम पोटगीची मागणी. पतीने मध्यस्थापुढे तपासणीस संमती दिली आहे. अहवाल अजून यायचा आहे. घटस्फोट घ्यावा की न्यायिक फारकतीवर थांबावे, याचा निर्णय तिने अहवालापर्यंत लांबणीवर टाकला आहे. मुलीच्या शाळेचा दाखला मात्र तिने पुण्याहून मागवून घेतला आहे.